मोठ्या बाईंचा कान

१२ जानेवारी

ही वही चष्मिसने आणून दिली. म्हणाली, "आत्या, शिवण बंद झालं म्हणून हात बांधून बसू नका. रोज चार ओळी लिहा. कुणी वाचणार नाही."

चष्मिस म्हणजे धाकट्याची जुनी विद्यार्थिनी. आता चाळिशीची आहे, त्याच्याच शाळेत त्याच्या जागेवर चित्रकला शिकवते, पण त्याच्यासमोर उभी राहिली की अजून पाचवीतली होते. आणि धाकटा म्हणजे माझा भाऊ. सहासष्टचा घोडा झालाय, पण मी बहात्तरची, तेव्हा तो धाकटाच.

माझं शिक्षण चौथी. पुढची अक्षरं पुड्यांच्या कागदांवर वाचून पक्की केली. शुद्धलेखनाला कुणी हसायचं नाही. पंचेचाळीस वर्षं मशीन चालवलं. आता पाठीनेच राजीनामा दिला, म्हणून गेल्या महिन्यात इथे राहायला आले. भावजय जाऊन सहा वर्षं झाली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. येताना दोन वस्तू हट्टाने आणल्या, माझं मशीन आणि रिळांचा डबा. डब्यात दोनशे चौदा रिळं आहेत. धाकटा म्हणाला, "ताई, आता हे कशाला?" म्हटलं, "तू ब्रश टाकतोस का? मग!"

१३ जानेवारी

पुढच्या खोलीचं लिहायचं राहिलं. मोठी खिडकी, तिच्यातून दिवसभर सारखा उजेड. मधे ईझल. जमिनीवर इतके रंग सांडलेत की खालची फरशी मूळची कुठल्या रंगाची हे फरशीलाही आठवत नसेल. आणि भिंतींवर याची गेल्या पाच वर्षांची चित्रं, सव्वीस आहेत. सगळी निळी. पूल निळा, बाजार निळा, ताटलीतली नासपतीसुद्धा निळी. आधीची चित्रं अशी नव्हती. त्यांत पिवळं ऊन असायचं, पाहिलं की पाठ शेकायची.

एका पेपरवाल्याने या निळ्या चित्रांवर लिहिलं होतं, ते कात्रण चष्मिसने फ्रेम करून दिलंय. "पत्नीवियोगानंतरच्या या निळाईत वैराग्य आहे." मला वैराग्यातलं कळत नाही, पण लेख वाचून ऊर भरून आला. धाकट्याला विचारलं, "हे खरं का रे?" तो म्हणाला, "पेपरात आलंय ना, मग असेल."

१४ जानेवारी

आज घरात आनंदीआनंद! मोठ्या बाई मार्चमध्ये निवृत्त होणार. धाकट्याने ज्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली तिथल्या त्या मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाईच म्हणते, आणि चिठ्ठी आली तर शिपाईसुद्धा आधी केस विंचरतो. शाळेच्या सभागृहात त्यांचं तैलचित्र लागणार. वीस मार्चला अनावरण. काढणार कोण, तर धाकटा.

संध्याकाळी तो खिडकीशी बसून जुन्या गोष्टी काढत होता. सोळाव्या वर्षी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मी खाली शिडी धरायची आणि वर हा. एका न्हाव्याच्या पाटीवर याने कात्री इतकी हुबेहूब काढली की न्हावी म्हणाला, "पोरा, हिला धार पण लाव." मग संध्याकाळच्या कलाशाळेत गेला, मग नोकरी, मग स्वतःची प्रदर्शनं. त्याची चित्रं किती लांब लांब गेली! पण विचारलं तर प्रदर्शनं सांगत नाही, मुलं सांगतो. अमका आता घरांचे नकाशे काढतो, तमकी पुस्तकांची चित्रं काढते.

"हे शेवटचं मोठं काम, ताई," म्हणाला. "हे नीट झालं म्हणजे झालं."

१९ जानेवारी

मोठ्या बाई पहिल्यांदा बसायला आल्या. ठेंगण्याशा, करडा स्वेटर, पाठ फूटपट्टीसारखी. आल्या आल्या जमिनीकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, चित्रकलेच्या वर्गाची फरशी घासून घ्यायला मी तुम्हाला किती चिठ्ठ्या पाठवल्या होत्या?"

"एकोणीस, बाई."

"आणि इथे पाठवायला कुणी नव्हतं, ते दिसतंच आहे."

मग दोघं हसले. धाकट्याने कोळशाने रेखाटन केलं. मी कोपऱ्यात बसून बघत होते. एक रेघ मारतो, दहा वेळा बाईंकडे बघतो. अर्ध्या तासात त्या पांढऱ्या कापडावर बाई येऊन बसल्या! हनुवटी, मान, कपाळावरची ती चिठ्ठी पाठवायच्या आधीची आठी, सगळं. माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण हातात जादू आहे.

चष्मिसही आली होती. तिने मला ठिपक्याची गोष्ट सांगितली. सर कधी कुणाला शाबासकी देत नाहीत. एखाद्या मुलाने खरोखर बघून काही केलं असेल, तर त्याच्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, पेन्सिलीने मोहरीएवढा ठिपका देतात. बोलत काहीच नाहीत. एकतीस वर्षांत अकरा ठिपके दिले. त्यातला एक चष्मिसचा, तिने तो कागद अजून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय. म्हटलं, "अगं, दागिने कुठे ठेवतेस मग?" म्हणाली, "दागिने कपाटात."

२४ जानेवारी, शनिवार

शनिवारी घरी वर्ग असतो, आठ-दहा जण येतात. आज दारात उभी राहून ऐकलं. याचं शिकवणं म्हणजे एकच वाक्य, फिरवून फिरवून. "दिसतं ते काढा. माहीत आहे ते काढू नका." एका मुलीने सफरचंद लाल रंगवलं. म्हणाला, "लाल असतं हे तुला माहीत आहे. पण तिथे आत्ता काय दिसतंय, ते मोठ्याने सांग." ती म्हणाली, "सर, खालच्या बाजूला जांभळट आहे, आणि टेबलाचा थोडा हिरवा." "आणि पडद्यावर?" "पडद्यावर करडा, सर." प्रत्येकाला तो असंच बोलतं करतो. चष्मिस म्हणाली, पूर्वी सर असं नव्हते करत, ही नवीन पद्धत आहे. या वयात नवीन पद्धत शोधणं म्हणजे खायचं काम नाही.

जाता जाता एक गंमत. वर्ग संपल्यावर पाहिलं तर याच्या एका पायात काळा मोजा आणि दुसऱ्यात गडद निळा. म्हटलं, "अरे, जोडा तरी लाव!" तर बघतच राहिला पायांकडे. कलाकार माणूस, ध्यान कुठे असतं!

२७ जानेवारी

आज धाकटा बाहेर गेला होता, म्हणून त्याच्या रंगांचा ड्रॉवर आवरला. काय ती दशा! ट्यूबांवर रंगाचे थर, नावं वाचता येत नाहीत, कुठलं टोपण कुणाचं पत्ता नाही. आत लाकडी खण आहेत, पण भरलेत कसेही. माझ्या रिळांच्या डब्याला जी शिस्त आहे ती इथे लावली. मोठ्या ट्यूबा एकीकडे, लहान एकीकडे, रिकाम्या होत आलेल्या तळापासून गुंडाळून पुढे. सगळ्या ओल्या फडक्याने पुसल्या, पण नावांवरचे थर काही निघाले नाहीत. दोन तास गेले, पण ड्रॉवर असा दिसतोय की उघडाच ठेवावासा वाटतो.

त्याला सांगितलं नाही. काम करताना दिसेल आणि खूश होईल.

२९ जानेवारी

आज जे झालं ते कसं लिहू?

बाई बसल्या होत्या. धाकट्याने ड्रॉवर उघडला, रंग काढले, पॅलेटवर लावले. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल. काहीच म्हणाला नाही. ड्रॉवरकडे पाहिलंसुद्धा नाही, हात घालायचा आणि ट्यूब काढायचा, डोळे बाईंकडे. मनात म्हटलं, असू दे. एवढा रमलाय.

दीड तासाने बाईंचे पाय आखडले म्हणून त्या उठल्या आणि ईझलकडे आल्या. बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, मुलांवर ओरडून ओरडून मी लालपिवळी व्हायची हे मला ठाऊक आहे. पण हिरवी कधी पडले?"

खरंच. केस, मान, हनुवटीखालची सावली, सगळं गडद हिरवं.

धाकट्याने ब्रश फडक्याला पुसला. मग हळूच म्हणाला, "हा खालचा थर आहे, बाई. जुने चित्रकार कातडीच्या खाली आधी हिरवा थर द्यायचे. वर गुलाबी आला की जिवंतपणा येतो."

"असं होय," बाई म्हणाल्या.

केवढं ज्ञान या माणसाकडे! मी अगदी भारावून गेले. पण बाईंना दारापर्यंत सोडून आला आणि मला म्हणाला, "ड्रॉवर कुणी आवरला?"

मी कौतुकाच्या तयारीत होते. म्हटलं, "मी! कसा झालाय?"

आणि तो ओरडला. उभ्या आयुष्यात माझ्यावर ओरडला नव्हता. "चाळीस वर्षं प्रत्येक रंगाची जागा ठरलेली आहे! चाळीस वर्षं! तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

शिडी धरली होती रे तुझी, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

३० जानेवारी

बोलत नाही. ड्रॉवर उघडून बसलाय. एकेक ट्यूब काढतो, टोपण उघडतो, नाकाशी नेतो, परत ठेवतो. रंगाला वास कसला बघतोय? दोनदा म्हटलं, मी लावून देते. ड्रॉवर स्वतःकडे ओढून घेतला.

१ फेब्रुवारी

मोठ्या बाई आज एकट्याच आल्या, धाकटा घरी नसताना. मी चहा ठेवला. म्हणाल्या, "ताई, त्या हिरव्या थराची गोष्ट फार छान होती. खरीही असेल. पण मी तीस वर्षं सबबी ऐकल्यात. पोरगं गृहपाठ न करता खरी गोष्ट सांगत असलं, तरी मला कळतं की ते सबब सांगतंय." आणि चहा संपवून निघून गेल्या.

मला आधी राग आला. माझ्या भावाला सबबी सांगणारा म्हणतात म्हणजे काय! पण मग भांडी विसळताना आठवलं. काळा मोजा, निळा मोजा. वर्गातलं "मोठ्याने सांग." नाकाशी धरलेल्या ट्यूबा. आणि माझी ती जुनी गिऱ्हाईक, शाळेच्या गणवेशांची ऑर्डर द्यायची, एके दिवशी गडद निळ्या कापडाला काळा दोरा निवडून म्हणाली, अगदी जुळला! सहा महिन्यांनी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पंचेचाळीस वर्षं कापडाला दोरा जुळवण्यात गेली, आणि घरातलं माणूस दिसलं नाही.

२ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी टेबलावर दोन रिळं ठेवली. "धाकट्या, यातलं काळं कुठलं? बटण लावायचंय."

त्याने दोन्ही उचलली. खिडकीपाशी नेली. उलटीपालटी केली. बराच वेळ. मग एक पुढे केलं.

ते निळं होतं.

तोच म्हणाला, "चुकलं ना?"

"किती दिवस, रे?"

"दिवस कसले. वर्षं." खुर्चीत बसला. "आधी सगळं चहातून गाळल्यासारखं दिसायला लागलं. मग पिवळं-करडं. गडद रंग तर सगळे एकच. ट्यूबा जागेवर होत्या म्हणून हात चालत राहिला."

"मोतीबिंदू आहे, बाबा. आजकाल अर्ध्या तासाचं काम. एवढा घाबरतोस कसला?"

"सुरीला नाही घाबरत."

"मग?"

त्याने भिंतीवरच्या सव्वीस चित्रांकडे हात केला. "ऑपरेशन झाल्यावर हे सगळं मला दिसेल, ताई. जसं आहे तसं." मग म्हणाला, "आकाश मला मळकट दिसायचं. मला माहीत होतं ते निळं असतं. म्हणून निळा ओतत राहिलो. आयुष्यभर पोरांना सांगितलं, माहीत आहे ते काढू नका. आणि पाच वर्षं मी दुसरं काय केलं?"

मी आपली म्हटलं, "पेपरवाल्याला आवडलं होतं."

तो इतका हसला, इतका हसला, की शेवटी डोळे पुसायला लागला.

४ फेब्रुवारी

चष्मिसला सांगितलं. ती आधी रडली, मग वेळ न घालवता डॉक्टर शोधला. डोळ्यांची डॉक्टर म्हणजे धाकट्याचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तपासता तपासता म्हणाली, "सर, तुम्ही मला चित्रकलेत नापास केलं होतं. डोळा काढता आला नव्हता म्हणून."

धाकटा म्हणाला, "आता येतो का काढता?"

"घाबरू नका, सर. काढत नाही, भिंग बदलते फक्त."

पण गाडी अडली ती तारखेवर. हा म्हणतो, आधी चित्र, मग डोळा. उद्या काही बिघडलं तर चित्रही नाही आणि डोळाही नाही. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. मोठ्या बाईंना खरं सांगायला तो स्वतः गेला, माझ्या हाताला धरून. वाटलं, काम काढून घेतील.

बाई ऐकून म्हणाल्या, "मास्तर, मी बसेन. पण एका अटीवर. आज, इथे, माझ्यासमोर डॉक्टरला फोन करून तारीख घ्यायची. अनावरणानंतरची पहिली."

तेवीस मार्च मिळाली. बाईंनी डायरीत लिहून घेतली आणि त्याची सही घेतली!

घरी येताना तो म्हणाला, "बसतील खऱ्या. पण रंग कुठून आणू?"

मी म्हटलं, "घरी चल. माझ्याकडे दोनशे चौदा आहेत."

९ फेब्रुवारी

आज सुरुवात केली. मी रिळांचा डबा घेऊन बाईंच्या शेजारी बसले. एकेक रीळ उलगडून गालाशी धरायचं. बाई म्हणाल्या, "ताई, माझं तोंड शिवणार आहात का?" म्हटलं, "शाळेतली पोरं पेढे वाटतील."

हसल्या! मोठ्या बाई हसल्या की खालच्या दाताची फट दिसते.

उजेडाकडच्या गालाला एकशे दोन नंबरचं रीळ लागलं. सावलीकडच्या गालाला सदुसष्ट, पण ते जरा जास्त गुलाबी, म्हणून त्याच्याबरोबर एकाहत्तरचा एक पदर पिळला. तेव्हा जुळलं. धाकट्याला कुठल्या रंगात किती काय मिसळायचं हे तोंडपाठ आहे, पण झालेलं दिसत नाही. त्याने पॅलेटवर रंग मिसळायचा, मी त्यावर दोरा टाकून बघायचं. "अजून पिवळा मारतोय." "आता फिका पडला." "आता दोरा दिसेनासा झाला!" दोरा दिसेनासा झाला की रंग बरोबर.

अडीच तासांत अर्धा गाल झाला. मशीनवर एवढ्या वेळात चार परकर होतात.

१३ फेब्रुवारी

रिळांचे नंबर लक्षात राहीनात, म्हणून एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर शेडकार्ड केलं. एकेका दोऱ्याचे दहा-बारा वेढे जवळजवळ गुंडाळायचे आणि शेजारी लिहायचं. गाल उजेडाकडचा. गाल सावलीकडचा. स्वेटरची घडी. केसांतली पांढरी बट (ती पांढरी नाहीच, खिडकीकडच्या अंगाला कोवळी निळसर आहे, एकशे नव्वद). आतापर्यंत एकोणचाळीस झाले.

धाकटा म्हणाला, "केस पांढरेच असतात, ताई."

म्हटलं, "असतील. मला जे दिसतंय ते मी गुंडाळलंय. तुला नको असेल तर सोड."

पॅलेट पुढे ओढलं. मग एकशे नव्वदच मिसळला.

२० फेब्रुवारी

आज फार गारठा होता. बाई कुडकुडत आल्या. कानाच्या पाळीला रीळ लावून बघितलं तर चौऱ्याऐंशी, चांगलं लालबुंद. धाकट्याला सांगितलं. म्हणाला, "कान एवढा लाल नसतो." म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "एवढी वर्षं कान काढतोय मी." मी म्हटलं, "आणि मी एवढी वर्षं दोरा जुळवतेय. बाई, तुम्ही सांगा."

बाई म्हणाल्या, "मला माझा कान दिसत नाही. पण झोंबतोय खरा."

लावला एकदाचा चौऱ्याऐंशी. तोंड मात्र कारल्यासारखं केलं होतं.

६ मार्च

मधले दिवस लिहायला फुरसत नव्हती. आठवड्यातून तीन बैठका, घरचं सगळं बाजूला. पाठ दुखते. याची पण दुखते, सांगत नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायलाच हवी. रंग माझ्या दोऱ्यांवरून आले असतील, पण ब्रश कसा टेकवायचा, कुठे दाबायचा, कुठे नुसता स्पर्श करून उचलायचा, हे त्याचं त्याला. धुक्यातून बघतोय बिचारा, पण हात कधी चुकला नाही. बाईंच्या ओठांच्या कडेला एक बारीक हालचाल आहे, रागवायचं की हसायचं हे अजून ठरलेलं नाही अशी. ती रिळांत नव्हती. ती त्याने काढली. माझ्या अंगावर काटा आला. पाट्या रंगवणारं पोर कुठल्या कुठे पोचलं!

२० मार्च

अनावरण झालं. सभागृह गच्च. पडदा सरला. मग मागून एक पोरगी जोरात म्हणाली, "अगं बाई, बाई आत्ता ओरडणार!" आणि सगळं सभागृह हसलं. मोठ्या बाई खरंच ओरडायच्या बेतात होत्या.

भाषण करायची वेळ आली तेव्हा धाकट्याने एवढंच सांगितलं, "हे चित्र काढताना मला रंग दिसत नव्हते. माझ्या बहिणीला दिसत होते." लोकांना वाटलं विनयाने बोलतोय. टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसते दोरे तर जुळवले!

येताना माझा दंड धरून म्हणाला, "कसं झालंय ताई, खरं सांग."

"छान झालंय."

"छान नको. खरं."

"मला चित्रातलं कळत नाही रे. बाईंसारख्या बाई दिसतायत."

त्याच्या हाताचा कोळसा धुतला तरी नखांत राहतो, तो गाडीत नखाने खरवडत बसला होता. सगळ्यांनी पाहिलं, फक्त ज्याने काढलं त्याने नाही.

२४ मार्च

काल एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी निघाली. मी समोरच उभी होते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तू म्हातारी झालीस!"

"इतके दिवस काय सोळाची होते?"

"धुक्यात होतीस."

घरी येईपर्यंत खुळ्यासारखा एक डोळा झाकतो, दुसरा उघडतो. "या डोळ्याने चहा, या डोळ्याने दूध! ताई, तो फलक बघ, काय निळा आहे!" रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता.

पुढच्या खोलीत मात्र गेला नाही. दार ओढून घेतलं.

२८ मार्च

आज शाळेत गेलो, तो, मी आणि चष्मिस. सभागृह रिकामं होतं. तो चित्रासमोर उभा राहिला. चष्मिसने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

किती वेळ गेला कोण जाणे. जवळ गेला, लांब आला, परत जवळ गेला. मग बोट कानाशी नेलं, न टेकवता. "हे," म्हणाला.

"लाल झालाय का रे जास्त?" मला धडकीच भरली. "त्या दिवशी गारठा होता. मी आपलं दिसलं ते सांगितलं."

"मला माहीत असलेला कान मी शेकडो वेळा काढलाय," तो म्हणाला. "हा कान मी कधीच काढला नसता." मग चष्मिसकडे वळून, "बघ. सगळं चित्र त्या कानामुळे थंडीत उभं आहे. बाईंना झोंबतंय, आणि तरी त्या हलत नाहीत. या कानात त्यांची तीस वर्षं आहेत."

एका कानात एवढं सगळं असतं हे मला नवीनच. पण चित्र बिघडलं नाही हे ऐकून जिवात जीव आला.

घरी आल्यावर त्याने पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि आत गेला. मी बाहेरच थांबले. बऱ्याच वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. "ताई, आत ये! हे वैराग्य बघ! नासपतीला वैराग्य आलंय!"

हसत होता, पण एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

४ एप्रिल, शनिवार

मला वाटलं होतं ती निळी चित्रं जाळेल, निदान माळ्यावर टाकेल. आज वर्गाची मुलं आली तेव्हा पाहते तर सव्वीसच्या सव्वीस भिंतीला क्रमाने लावलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि हा समोर उभा.

"आज सफरचंद नाही. आज माझ्या चुका. इथून सुरुवात करा आणि सांगा, कुठल्या चित्रापासून मी बघायचं सोडलं आणि माहीत असलेलं काढायला लागलो."

पोरं घाबरली. सरांच्या चुका कशा काढायच्या? मग सफरचंदवाली पोरगी धीर करून म्हणाली, "सर, सातव्यापासून. त्या पुलाखालचं पाणी पुलासारखंच आहे."

"सहाव्यापासून," धाकटा म्हणाला. "पण जवळ आलीस."

दोन तास ते सगळे निळ्यात बुडाले होते. चष्मिस दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, एकतीस वर्षांत सरांनी याहून चांगला तास घेतला नसेल." मला पटलं. आपल्या चुकीचं शेडकार्ड करून पोरांसमोर मांडायचं, त्याला फार मोठं काळीज लागतं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मे महिन्यात आहे.

११ एप्रिल

आज पुढची खोली आवरायला घेतली. (ड्रॉवरला हात लावला नाही! ट्यूबा त्याच्या जागी, मी माझ्या जागी.) माझं दोऱ्यांचं शेडकार्ड ईझलला टेकवून ठेवलेलं होतं. चित्र झालं, आता ते कशाला, म्हणून दोरे सोडवून परत रिळांना गुंडाळावे म्हटलं. उचललं तर उजव्या कोपऱ्यात, खाली, पेन्सिलीचा बारीकसा डाग. कुणाची तरी पेन्सिल टेकली असणार. पांढरा पुठ्ठा, उगाच डोळ्यांत येतो. रबर आणलं.

तेवढ्यात धाकटा आला आणि जवळजवळ किंचाळलाच. "ताई! त्याला हात लावू नकोस!"

"अरे, डाग पडलाय. पुसते."

"राहू दे."

"दोरे तरी सोडवू का?"

"एकही नाही." माझ्या हातातून रबर काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशात घातलं.

आता एवढ्याशा डागासाठी एवढा आरडाओरडा कशाला, मला सांगा. याचा पसारा हा असाच. शिकवून शिकवून माणूस हट्टी होतो.

संध्याकाळी चष्मिस आली, तिनेही ते कार्ड उचलून बघितलं. कोपऱ्याकडे बराच वेळ टक लावून. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढून पुसला. डोळ्यांतून पाणी येत होतं बिचारीच्या.

या घरात सगळ्यांच्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. मे महिन्यात धाकट्याला नेताना तिलाही डॉक्टरकडे घेऊन जायला हवं.